टोन कुठपर्यंत येतोय? वेबसाइटवरची लाइव्ह सूचना अडली की मी काय बघते

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेची वेबसाइट मी सांभाळते. दोन मजले, ११२ खुर्च्या आणि बाराही महिने वेटिंग. बहुतेक एमपीएससीची मुलं. कुणाची निवड झाली, कुणी कंटाळून गावाला परत गेलं, की खुर्ची सुटते आणि यादीतल्या सगळ्यांच्या उघड्या पानावर वरच्या बाजूला पट्टी येते, ‘खुर्ची ३७ रिकामी झाली’. सोबत एक टिंग. जो आधी दाबेल त्याची खुर्ची. पंख्याखालची किंवा खिडकीजवळची जागा हवी म्हणून आत बसलेली मुलंही याच यादीत असतात.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदोनला मालकांचा फोन आला. “ताई, तुमची साइट झपाटलीय का? हॉलमध्ये सगळ्यांचे लॅपटॉप टिंगटिंग करायला लागलेत. डोकं टेकून झोपलेली पोरंसुद्धा उठून बसली.” सकाळी अकरापासून सुटलेल्या सगळ्या खुर्च्या रात्री पावणेदोनला एकापाठोपाठ एक जाहीर होत होत्या. त्यातल्या निम्म्याअधिक दुपारीच भरल्याही होत्या. आणि झपाटणारी मीच होते. पाचच मिनिटांपूर्वी सर्व्हरवर शिरून, बंद पडलेला क्यू वर्कर (रांगेतली कामं उचलून पार पाडणारा प्रोग्रॅम) मी हाताने चालू केला होता. दिवसभर रांगेत साठलेलं सगळं त्याने इमानेइतबारे पाठवून दिलं.

त्या रात्रीनंतर मी ज्या क्रमाने तपासते, तो इथे लिहिते आहे. साइट लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये आहे, लाइव्ह सूचना आधी पुशर या बाहेरच्या सेवेवर चालायच्या, आता स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या रिव्हर्बवर चालतात. कमांड आणि सेटिंगची नावं मी फोनवर सांगते तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची, हे सांगायला नको.

आधी एक प्रश्न विचारायचा

“पान उघडं होतं का?”

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ब्रॉडकास्ट, म्हणजे लाइव्ह सूचना उघड्या पानालाच येते. पान आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी उघडी असते आणि तिच्यातून निरोप येतो. पान बंद केलं की जोडणी गेली. मुलांना वाटतं हे व्हॉट्सॲपसारखं खिशातल्या फोनवर वाजेल. बंद ब्राउझरवर वाजवायची ती वेब पुश, तिचा कारभार पूर्ण वेगळा, तिला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानाच्या मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो आणि वापरणाऱ्याची परवानगीही. शिवाय अँड्रॉइडवर क्रोमचं टॅब मागे टाकून दुसऱ्या ॲपमध्ये गेलं की फोन बॅटरी वाचवायला त्या टॅबला झोपवतो. मुलगा म्हणतो “मॅडम, पान चालूच होतं”, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून मी विचारते, “समोर होतं का?”

समोर होतं आणि तरी आलं नाही, तर मग पुढे.

बाबांचा टेस्ट फोन

माझे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तक्रार आली की नवशिकी पोरं थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फोनचं डबडं उघडत बसायची. बाबा वाटेतच, रस्त्यावरच्या डीपीपाशी, म्हणजे तारांच्या जोड्या घरोघर वाटणाऱ्या पेटीपाशी, सायकल लावायचे, टेस्टचा फोन त्या जोडीवर अडकवायचे आणि कान देऊन ऐकायचे. टोन आला तर बिघाड इथून घरापर्यंतच्या तारेत. नाही आला तर इथून एक्स्चेंजपर्यंत. ते घरी येऊन सांगायचे, “आज तीन तक्रारी, एकाही घरात चहा घ्यावा लागला नाही.”

लाइव्ह सूचनेची तारही अशीच लांब असते. खुर्ची सुटली की कोड सूचना तयार करतो, ती रांगेत जाते, वर्कर ती रांगेतून उचलतो, पुशरला किंवा रिव्हर्बला देतो, तो ती जोडलेल्या ब्राउझरांना पाठवतो, ब्राउझरला त्या चॅनेलची (सूचना ज्या वाहिनीवरून येते तिची) परवानगी असावी लागते, आणि मग पानावरचा जावास्क्रिप्ट ती ऐकून पट्टी दाखवतो. यात कुठेही तुटलं तरी वापरणाऱ्याला दिसतं ते एकच: काहीही नाही. पान कोसळत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. मग माणूस अंदाज बांधायला लागतो आणि एका वेळी चार सेटिंग बदलतो. मीही बदललेली आहेत. त्यातल्या एकाने दुरुस्त होतं, दुसऱ्याने नवीन बिघडतं, आणि कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

म्हणून पहिला टेस्ट फोन मध्यावर, म्हणजे ब्रॉडकास्ट सर्व्हरवर लावायचा. पुशर असेल तर त्यांच्या डॅशबोर्डवर डीबग कन्सोल असतो. तो एका टॅबमध्ये उघडा ठेवायचा आणि दुसऱ्या टॅबमधून साइटवर खरोखरची एक चाचणी खुर्ची सोडायची. कन्सोलमध्ये ओळ उमटली तर सर्व्हरकडची बाजू ठीक, बिघाड ब्राउझरकडे. उमटली नाही तर ब्राउझरला हातही लावायचा नाही. तिथूनच हाताने घटना पाठवायचीही सोय आहे, तिने उरलेली अर्धी तार वेगळी तपासता येते.

रिव्हर्ब असेल तर तो एरवी गप्प असतो, काही छापत नाही. थोडा वेळ सुपरव्हायझरमधला (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू ठेवणारा पहारेकरी) बंद करून ‘रिव्हर्ब:स्टार्ट’ला डीबगचा पर्याय लावून टर्मिनलमध्ये चालवायचा. आत येणारा-बाहेर जाणारा प्रत्येक निरोप डोळ्यांसमोर सरकतो. हे पहाटे करा. दुपारी केलंत तर जोडलेल्या सगळ्यांची जोडणी एकदम तुटते. आमच्याकडे तुटली होती.

मध्यावर टोन नाही: सर्व्हरची बाजू

सगळ्यात आधी एन्व्ह, म्हणजे साइटच्या सेटिंगची फाइल. ब्रॉडकास्टचं कनेक्शन ‘लॉग’ किंवा ‘नल’वर राहिलंय का बघा. ‘लॉग’वर असलं तर सूचना अगदी व्यवस्थित पाठवल्या जातात, फक्त लॉग फाइलमध्ये. या सेटिंगचं नाव लाराव्हेल १० पर्यंत ‘ब्रॉडकास्ट ड्रायव्हर’ होतं, मार्च २०२४ मध्ये आलेल्या ११ पासून ‘ब्रॉडकास्ट कनेक्शन’ झालं. जुन्या नोट्स बघून नव्या प्रकल्पात जुनं नाव लिहिलं तर कुणी तक्रार करत नाही, ती ओळ नुसती दुर्लक्षित होते. ११ मध्ये ब्रॉडकास्टिंग मुळात बसवलेलंही नसतं, ‘इन्स्टॉल:ब्रॉडकास्टिंग’ चालवावं लागतं. आणि एन्व्हमध्ये काहीही बदललं की ‘कॉन्फिग:क्लिअर’. कॅश केलेलं कॉन्फिग जुनंच धरून बसतं. मी एकदा सबंध रविवार सकाळ बरोबर असलेली किल्ली पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवली होती.

मग रांग. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा उत्तर इथेच सापडतं, म्हणून इथे जरा थांबते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सूचनेच्या क्लासवर ‘शुड क्यू’ लिहिलं नसलं तरी तिचा ब्रॉडकास्टचा भाग रांगेतूनच जातो. त्यामुळे एकाच सूचनेचा ईमेल लगेच पोचतो, डेटाबेसमध्ये नोंद होते आणि पट्टी मात्र येत नाही. हे लक्षण दिसलं की आधी वर्कर मेलाय का ते बघायचं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कळतच नाही, कारण तिथे आपण क्यूचं कनेक्शन ‘सिंक’ ठेवलेलं असतं आणि सगळं जागच्या जागी चालतं.

माझा वर्कर का मेला? मी तो टर्मिनलमध्ये ‘क्यू:वर्क’ टाइप करून हाताने चालू केला होता, ‘नंतर सुपरव्हायझरला लावू’ म्हणून. सर्व्हर एकदा रीबूट झाला. साइट उठली, डेटाबेस उठला, वर्करला उठवायला कोणी नव्हतं. सुपरव्हायझरमध्ये आपोआप सुरू होणं आणि पडला तर पुन्हा उठणं, दोन्ही लावून ठेवा, आणि मग मुद्दाम एकदा सर्व्हर रीबूट करून बघा. रीबूट न करता ‘लावलंय’ म्हणणं म्हणजे गॅसचं रेग्युलेटर बसवून शेगडी न पेटवता बाजाराला जाणं.

मेलेला वर्कर सापडला तर लगेच चालू करू नका. आधी ‘क्यू:मॉनिटर’ने रांगेत किती साठलंय ते बघा. शिळं असेल तर ‘क्यू:क्लिअर’, पण त्याच रांगेत पावत्या किंवा ईमेल नाहीत ना, याची खात्री करूनच. ते सगळंच पुसलं जातं. माझी चूक हीच होती, ढीग न बघता नळ सोडला.

याच्यावर कायमचा उपाय म्हणून मी सूचनेला ‘शुड क्यू’ केलं आणि तिच्यात ‘शुड सेंड’ नावाची मेथड लिहिली: पाठवायच्या क्षणी खुर्ची अजून रिकामी आहे का बघ, नसेल तर पाठवू नको. फार हुशारी केली असं वाटलं. आठवड्याभरात नवीन तक्रार, काही खुर्च्यांची सूचना येतच नाही. फेल झालेल्या कामांच्या यादीत काही नाही, लॉगमध्ये काही नाही. झालं असं होतं की खुर्ची सोडण्याचं काम डेटाबेसच्या ट्रँझॅक्शनमध्ये (सगळे बदल शेवटी एकदम पक्के करणाऱ्या गठ्ठ्यात) होतं आणि सूचना त्याच्या आतूनच निघत होती. आमची रांग रेडिसवर, म्हणजे त्या डेटाबेसच्या बाहेर. ट्रँझॅक्शन पक्कं व्हायच्या आधीच वर्कर धावत येऊन बघायचा, त्याला खुर्ची अजून भरलेलीच दिसायची आणि तो मुकाट निघून जायचा. कधी वर्कर जिंकायचा, कधी डेटाबेस. सूचनेवर ‘आफ्टर कमिट’ लावल्यावर ते थांबलं. ‘कधी येते, कधी येत नाही’ असं कोणी म्हणालं की मी आता आधी ट्रँझॅक्शनच शोधते.

वर्कर जिवंत आहे पण सूचना जुन्याच मजकुराची येतेय? वर्कर सुरू होताना जो कोड वाचतो तोच मरेपर्यंत वापरतो. कोड बदलला की ‘क्यू:रीस्टार्ट’, आणि रिव्हर्ब असेल तर ‘रिव्हर्ब:रीस्टार्ट’ही.

‘क्यू:फेल्ड’ने फेल झालेली कामं दिसतात, आणि तिथला मजकूर बहुतेक वेळा सरळ असतो. ‘कर्ल एरर ७’ म्हणजे लाराव्हेलला रिव्हर्ब सापडतच नाही. रिव्हर्बच्या सेटिंगमध्ये होस्ट-पोर्टच्या दोन जोड्या असतात: नावात ‘सर्व्हर’ असलेली जोडी सांगते की रिव्हर्बने स्वतः कुठे बसायचं, आणि नुसती ‘होस्ट’ आणि ‘पोर्ट’ सांगते की लाराव्हेलने निरोप कुठे न्यायचा. पहिली बहुधा ८०८०, दुसरी बाहेरून ४४३. या उलटसुलट झाल्या की हाच एरर. ‘टाइमस्टॅम्प एक्स्पायर्ड’ आलं तर तुमच्या सर्व्हरचं घड्याळ चुकलंय. पुशर ६०० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आणि निरोप फार मोठा असल्याची तक्रार असेल तर मर्यादा साधारण १० केबीची असते. आमच्याकडे कुणीतरी, म्हणजे मीच, सूचनेत खुर्चीच्या जोडीला सबंध मजल्याचा नकाशा पाठवत होते. क्रमांक पाठवावा, बाकीचं पानाने स्वतः मागून घ्यावं.

मध्यावर टोन आहे: ब्राउझरची बाजू

एफ-१२ दाबा, नेटवर्कमध्ये जा, वेबसॉकेटचा फिल्टर लावा आणि मग पान रिफ्रेश करा. एक ओळ दिसायला हवी आणि तिचं स्टेटस १०१ असायला हवं. १०१ म्हणजे सर्व्हर म्हणाला, ठीक आहे, आता नेहमीची विनंती-उत्तरं सोडून आपण सॉकेटने बोलू.

ओळच नाही, तर बहुधा जावास्क्रिप्टला किल्लीच मिळालेली नाही. व्हीटने (पानाच्या जावास्क्रिप्ट फाइली बांधणाऱ्या साधनाच्या नावाने) सुरू होणारी एन्व्हमधली नावं बिल्ड करताना फाइलीत छापली जातात. सर्व्हरवर एन्व्ह बदलून कॉन्फिग कॅश कितीही पुसा, पुन्हा बिल्ड केल्याशिवाय ब्राउझरला जुनीच किल्ली जाणार.

ओळ आहे पण लाल, तर पत्ता बघा. साइट एचटीटीपीएसवर आणि सॉकेटचा पत्ता नुसता ‘डब्ल्यूएस’ने सुरू होत असेल तर ब्राउझर तो अडवतो, ‘डब्ल्यूएसएस’च हवा. पत्ता बरोबर असूनही १०१ मिळत नसेल तर मधल्या एन्जिनएक्समध्ये (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये) ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे दोन हेडर पुढे पाठवायचे आणि प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करायची राहिलेली असते. ४००१ कोडचा एरर आला तर पुशरच्या ॲपची किल्ली किंवा क्लस्टर चुकलंय. मुंबईचं क्लस्टर ‘एपी२’ आहे, नमुन्यातून उचललेल्या कोडमध्ये भलतंच असतं.

१०१ आहे, तर त्या ओळीवर क्लिक करून आतले निरोप वाचा. आधी जोडणी झाल्याचा, मग तुमच्या ब्राउझरने चॅनेल मागितल्याचा, मग ‘सबस्क्रिप्शन सक्सीडेड’चा. हा तिसरा आला नाही तर नेटवर्कच्या साध्या यादीत ‘ब्रॉडकास्टिंग/ऑथ’ शोधा. ४०४ असेल तर चॅनेलचे रूट नोंदवलेलेच नाहीत. ४१९ असेल तर पानासोबतचं सुरक्षा टोकन शिळं झालंय. ४०३ असेल तर चॅनेलच्या फाइलमधलं तुमचं फंक्शन ‘नाही’ म्हणालं, किंवा त्या नावाचं चॅनेलच तिथे नाही. लाराव्हेल ८ पासून यूजरचं मॉडेल ‘मॉडेल्स’ फोल्डरमध्ये गेलं, त्यामुळे सूचनांच्या चॅनेलच्या नावातही ‘मॉडेल्स’ घुसलं. जुनी साइट वर आणताना एका बाजूला ते राहतं आणि दुसऱ्या बाजूला राहत नाही.

त्या फंक्शनमध्ये दोन्ही आयडी पूर्णांकात बदलून ताडायची तयार ओळ असते. तुमचे आयडी यूयूआयडी (आकडे आणि अक्षरं मिसळलेली लांब ओळख) असतील तर ती ओळ आजच काढा. पीएचपी अशा मजकुरातले सुरुवातीचे आकडे तेवढे उचलते, म्हणजे ‘९बी’ने सुरू होणारे आणि ‘९सी’ने सुरू होणारे दोघेही तिच्या लेखी ९. सूचना बरोबर येते म्हणून कुणाला शंकाही येत नाही, आणि सुरुवातीचे आकडे जुळणारं कोणीही एकमेकांचं चॅनेल ऐकू शकतं.

सबस्क्रिप्शन झालं, निरोपही आत येताना दिसतोय, तरी पट्टी नाही? मग ऐकणारा कान चुकीच्या नावाला लावलाय. घटनेला ‘ब्रॉडकास्ट ॲज’ने स्वतःचं नाव दिलं असेल तर इकोमध्ये (पानावर सूचना ऐकणारी लाराव्हेलची जावास्क्रिप्ट लायब्ररी) ऐकताना त्या नावाच्या आधी टिंब लागतं. त्या एका टिंबापायी वाया गेलेले तास सांगायला मला लाज वाटते.

गुरुवारचं कोडं

हे सगळं बरोबर असूनही अभ्यासिकेतून तक्रारी येत राहिल्या. वहीत तारखा लिहून ठेवायची सवय लावली तेव्हा दिसलं, तक्रारी गुरुवारच्या. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीचा वार: कधी पाणी बंद, कधी वीज. मी शुक्रवारी बघायला जायचे तेव्हा सगळं सुरळीत. शेवटी एका गुरुवारी डबा घेऊन तिथेच जाऊन बसले, खालच्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. समोरच्या मुलाला विचारून त्याच्या लॅपटॉपवर एफ-१२ उघडून ठेवलं.

पावणेबाराला वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिले, वाय-फायचा राउटर गेला. अर्ध्या तासाने राउटर उठला. सॉकेट पुन्हा जोडला गेला, १०१ आला, मी मान डोलावली. आणि त्याखाली ‘ब्रॉडकास्टिंग/ऑथ’ची लाल ओळ, ४०३.

मुलगा सकाळी आठला लॉगिन करून बसला होता. लाराव्हेलचं सेशन, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवण्याची मुदत, आपण हात लावला नाही तर १२० मिनिटांचं असतं. दहा वाजताच ते संपलं होतं, पण उघड्या सॉकेटला सेशनशी देणंघेणं नसतं. परवानगी एकदाच, चॅनेलला जोडताना विचारली जाते. म्हणून सकाळभर सूचना येत राहिल्या. राउटर पडून पुन्हा जोडणी झाली तेव्हा परवानगी नव्याने मागितली गेली, आणि सर्व्हरच्या मते या मुलाने लॉगिनच केलेलं नव्हतं. पानावर त्याचं नाव दिसत होतं, पट्टीची जागाही तशीच होती. तो दिवसभर वाट बघत बसला असता.

मी तीन गोष्टी केल्या. सेशनची मुदत वाढवून बारा तास केली, कारण इथली मुलं खरोखर तेवढी बसतात. सबस्क्रिप्शन नाकारलं गेलं तर इकोच्या एरर कॉलबॅकमधून पानावर पिवळी पट्टी दाखवली, ‘सूचना बंद आहेत, पुन्हा लॉगिन करा’. आणि तिसरी, जी मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती: प्रत्येक सूचना डेटाबेसमध्येही नोंदवायची आणि सॉकेट पुन्हा जोडला गेला की पानाने न वाचलेल्या सूचना स्वतःहून मागायच्या. जोडणी तुटलेली असताना जे निरोप गेले ते पुशर किंवा रिव्हर्ब तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत. सॉकेटवर आलेला निरोप म्हणजे दारावरची थाप. पत्र डेटाबेसमध्येच ठेवायचं.

शंभरच्या पुढे

पुशरचा फुकटचा प्लॅन एका वेळी १०० जोडण्यांचा. ११२ खुर्च्या आणि बाहेरचं वेटिंग हे गणित मी आधीच करायला हवं होतं, पण सुरुवातीला सगळे एकदम थोडेच पान उघडतात. मग पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. निकालानंतर खुर्च्या सुटतात हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे सकाळी सातपासून सगळे पान उघडून बसले, काही जण दोन-दोन टॅबमध्ये. प्रत्येक टॅब ही वेगळी जोडणी. शंभराच्या पुढच्यांना ४००४, म्हणजे कोटा संपला. त्यांच्या पानावर अर्थात काहीच दिसलं नाही.

तेव्हा रिव्हर्बवर आले. स्वतःच्या सर्व्हरवर कोटा नाही, पण फुकटही काही नाही. प्रत्येक जोडणी ही सर्व्हरच्या लेखी एक उघडी फाइल, आणि लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फायलींची मर्यादा साधारणपणे १०२४ असते. रिव्हर्बचा नेहमीचा इव्हेंट लूपही तेवढ्यावरच अडतो, त्यापुढे जायचं तर पीएचपीचं ‘यूव्ही’ एक्स्टेन्शन लागतं. अभ्यासिकेला त्याची गरज पडणार नाही. तुमची गर्दी हजाराच्या घरात असेल तर आधीच बघून ठेवा.

सूचना दोनदा येत असेल तर पान न बदलता भाग बदलणाऱ्या साइटवर कान दोनदा लावला गेलाय का बघा. तिथे काही सापडलं नाही तर वर्करच्या टाइमआउटपेक्षा क्यूचा ‘रिट्राय आफ्टर’ कमी नाही ना, ते बघा. कमी असला तर चालू असलेलंच काम दुसरा वर्कर पुन्हा उचलतो.

रात्री दहानंतर

पावणेदोनच्या त्या रात्रीनंतर मालकांनी एकच मागणी केली होती. “ताई, बाकी तुमचं काय ते चालू द्या, पण रात्री दहानंतर टिंग नको.” पाच मिनिटांचं काम. सर्व्हरवर तास बघायचा, दहा ते सहा या वेळेत सूचनेसोबत आवाज बंद असल्याची खूण पाठवायची. केलं, स्वतःच्या लॅपटॉपवर बघितलं, चढवलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीवर बसणाऱ्या मुलाचा मेसेज, ‘मॅडम रात्री साडेतीनपर्यंत वाजत होतं. आणि आता सकाळचे दहा वाजले तरी एकदम शांत आहे.’

सर्व्हरवरच्या ॲपचं टाइमझोन यूटीसी होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे दहा आपल्या पहाटे साडेतीनला वाजतात, आणि त्याचे सहा सकाळी साडेअकराला. कॉन्फिगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं, कॅश पुसली आणि या वेळी वर्करही आठवणीने रीस्टार्ट केला.